पुंगळीचं वकीलपत्र

मोटारसायकलच्या एकूण भागांत सगळ्यात उपेक्षित कोण, असा कौल लावला तर तो सायलेन्सरच्या आतल्या पुंगळीच्या बाजूने पडेल. टाकीला पॉलिश मिळतं. हेडलाइटला लिंबू-मिरची मिळते. नंबरप्लेटवर ४१४१ चा ‘दादा’ होतो आणि ८०५५ चा ‘बॉस’ होतो, दसऱ्याला हँडलला झेंडूची माळ चढते, चाकापुढे नारळ फुटतो. पुंगळीला कुणी हळदकुंकू वाहिल्याचं ऐकिवात नाही. ती अंधारात, तापलेल्या धुराच्या वाटेवर, अंगभर भोकं पाडून घेऊन बसलेली असते आणि गाडी शोरूममधून गॅरेजात पोचली की पहिली गच्छंती तिचीच होते. कंपनीच्या पुस्तकात तिला बॅफल म्हणतात, हौशी मंडळींच्या दुकानात डीबी किलर म्हणतात, आणि कोल्हापूर-साताऱ्याकडे पोरं सरळ ‘पुंगळी काढली’ म्हणून सांगतात, तेही दहावी पास झाल्याच्या सुरात. हा लेख त्या पुंगळीचं वकीलपत्र घेऊन लिहिला आहे. म्हणणं असं की पुंगळी काढणारा बुलेटवाला गाडीचा आवाज वाढवत नाही, घालवतो. ज्या डुगडुगीवर भाळून त्याने दोन लाखांचं कर्ज काढलं, ती डुगडुग कानाला पोचवण्याचं काम पुंगळी करत होती. ती गेली की कर्ज तेवढं राहतं.

हे ऐकून बुलेटवाले चिडतील, म्हणून पुरावा आधी देतो. ओतीव लोखंडाचं जुनं इंजिन घ्या. सिलिंडरचा व्यास ७० मिलिमीटर, पिस्टनची धाव ९० मिलिमीटर, आकारमान ३४६ सीसी. रुंदीपेक्षा उंची जास्त, शिवाय फ्लायव्हील जड. अशा इंजिनाला घाई मानवत नाही. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदाच पेटतं. म्हणजे मिनिटाला हजार फेऱ्यांवर सिग्नलला उभी असलेली बुलेट सेकंदाला जेमतेम आठ वेळा धूर सोडते. माणसाच्या कानाला सेकंदाला साधारण विसाच्या आतले ठोके सुटे सुटे ऐकू येतात. त्यापुढे ते एकमेकांत मिसळतात आणि त्यांचा सूर होतो. उभ्या बुलेटचे आठ ठोके म्हणूनच मोजता येतील इतके वेगळे वाटतात. तीच गाडी ३,००० फेऱ्यांवर गेली की ठोके सेकंदाला २५ होतात आणि डुगडुगीचा घुमारा होतो. अलीकडच्या ३४९ सीसीच्या इंजिनातही धाव व्यासापेक्षा मोठीच ठेवली आहे. एकूण काय, गावच्या पाटलाला, फौजदाराला आणि डॉक्टरला शोभून दिसणारी ती संथ लय क्रँकमध्ये आहे आणि फ्लायव्हीलमध्ये आहे. बाजारातून नळी आणून ती गाडीत घालता येत नाही. दीडशे सीसीच्या गाडीला बुलेटचा सायलेन्सर लावून फिरणाऱ्यांनी हा प्रयोग महाराष्ट्राच्या तालुक्या-तालुक्यांत केलेला आहे आणि त्याचा निष्कर्ष आपण सगळ्यांनी ऐकलेला आहे.

आता पुंगळीचं काम. एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो तेव्हा सिलिंडरमधल्या वायूत बराच दाब शिल्लक असतो. तो कोंडलेला वायू एकदम सुटतो आणि त्या धक्क्यात दोन गोष्टी एकत्र बाहेर पडतात. खाली जाड, गुबगुबीत ठोका असतो आणि वर बारीक, धारदार आवाजांची गर्दी. आपला कान सर्वांत तिखट असतो तो सेकंदाला साधारण २,००० ते ५,००० कंपनांच्या पट्ट्यात. शिट्टी, किंचाळी, ब्रेकची करकर यांचं ठाणं तिथेच आहे. सायलेन्सरमधले कप्पे आवाजाच्या लाटा एकमेकींवर आपटवून त्यांचा जोर काढतात. पुंगळीच्या भोकांतून आवाज भोवतीच्या काचलोकरीत शिरतो आणि त्या लोकरीत बारीक आवाज सगळ्यात आधी मरतात. जाड आवाजांना लोकर फारशी अडवू शकत नाही, ते तिच्यातून तसेच निसटतात. म्हणजे तीक्ष्ण तेवढं आत राहतं आणि जाड ठोका बाहेर येतो. पुंगळी ही संपादकासारखी आहे: मजकूर लेखकाचाच, फक्त फाफटपसारा काढलेला, आणि संपादक काढून टाकला की लेखकाचं काय होतं हे मासिकं वाचणाऱ्यांना सांगायला नको. पुंगळी काढल्यावर डुगडुग मोठी झाली असं वाटतं खरं, पण तिच्या डोक्यावर जी फटफट येऊन बसते ती इतकी मोठी असते की डुगडुग ऐकायला वेगळा कान लागेल.

बाजाराला हे सगळं ठाऊक असावं, कारण त्याने बदली सायलेन्सरना नावं देताना संगीताचा मोह टाळलेला दिसतो. इंदोरी, पंजाबी, गोल्डस्टार, लाँग बॉटल, मेगाफोन, वाइल्ड बोअर, डॉल्फिन. बाटली आणि भोंगा समजू शकतो. रानडुकराबद्दलही तक्रार नाही, दुकानदाराने तिथे पुरेसा प्रामाणिकपणा दाखवला आहे. डॉल्फिन मात्र समुद्रात कानांच्या भरवशावर जगणारा प्राणी आहे, त्याला या धंद्यात कशाला ओढला? असो. आकडे पाहू. आपल्याकडे २००५ पासून १७५ सीसीहून मोठ्या दुचाकीला कारखान्यातून बाहेर पडताना ८० डेसिबलची मर्यादा आहे. डेसिबलचा हिशोब किराणा दुकानातला नसतो. दर १० डेसिबलला आवाजाची ऊर्जा दहापट होते. पुंगळी काढून त्याच अंतरावर ८० चे १०० झाले तर वाढ पंचवीस टक्के नव्हे, शंभरपट. तेवढा आवाज करायला कंपनीतून जशाच्या तशा आलेल्या शंभर बुलेटी एका जागी उभ्या कराव्या लागतील. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. त्यामुळे २० डेसिबल वाढले की पूर्वी जो आवाज ५० मीटरवर विरायचा तो आता ५०० मीटरवर विरतो. गल्लीपुरता असलेला माणूस एका बोल्टाच्या जोरावर वॉर्डाचा होतो. नगरसेवकाला यासाठी निवडणूक लढवावी लागते.

या सगळ्यात सर्वांत कमी ऐकू येतं ते स्वतः चालवणाऱ्याला. नळीचं तोंड मागे, तो पुढे. डोक्यावर हेल्मेट असलंच तर आणखी अडसर, आणि वेग घेतला की कानाशी वारा. खर्च करणारा एक आणि लाभार्थी पाचशे, अशी दानत आपल्याकडे सार्वजनिक वाचनालयांच्याही वाट्याला येत नाही. बिचाऱ्याला स्वतःच्या पैशाचा मोबदला मिळवायचा तर भिंती शोधाव्या लागतात, म्हणजे आवाज आपटून त्याच्याकडे परत येईल. अरुंद बोळ, उड्डाणपुलाची खालची बाजू, कात्रजचा बोगदा, कॉलेजच्या फाटकासमोरच्या इमारती ही ठिकाणं त्याने का निवडली याचं उत्तर उनाडपणात शोधू नये. ध्वनिशास्त्राने त्याच्यावर ही भटकंती लादली आहे.

‘फायरिंग’ हा या मंडळींचा लाडका शब्द. “काय फायरिंग आहे गाडीची!” ही तिथली सर्वोच्च पावती. बंदुकीशी हे नातं तसं खोटं नाही. रॉयल एनफिल्डच्या नावातलं एनफिल्ड इंग्लंडमधल्या बंदुकीच्या सरकारी कारखान्यावरून आलेलं, बोधचिन्हात तोफ, घोषवाक्यातही गाडी बंदुकीसारखी घडवल्याचा दावा. पण बंदुकीच्या घराण्यात पुढे काय घडलं तेही पाहायला हवं. १८८४ च्या सुमारास हिरम मॅक्झिम याने स्वयंचलित मशीनगन बनवली. तिच्या सततच्या आवाजाने त्याचे स्वतःचे कान पार गेले. त्याचा मुलगा हिरम पर्सी मॅक्झिम. त्याने १९०९ मध्ये बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि पुढे त्याच्या कंपनीने इंजिनांचे सायलेन्सर बनवण्यात नाव काढलं. बाप जगाला बहिरं करून गेला आणि मुलाने पुंगळीचं दुकान टाकलं. घराण्याचा अभिमान बाळगायचा तर निदान दोन पिढ्यांचा बाळगावा. आपल्या तरुणांनी बापाशीच थांबायचं ठरवलेलं दिसतं. यातले प्रगत विद्यार्थी फटाके वाजवतात. कार्ब्युरेटरची गाडी चालत असताना किल स्विच बंद करायचा, थ्रॉटल उघडा ठेवायचा, म्हणजे न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये जातं. मग स्विच चालू केला की ते तिथे पेटतं. लिटरला शंभरी ओलांडलेलं पेट्रोल इंजिनाच्या बाहेर जाळण्याची ही रीत जगातल्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकवत नाहीत, महाविद्यालयाबाहेरच्या टपरीवर शिकवतात.

विरुद्ध बाजूचे मुद्दे आहेत आणि ते ऐकून घेतले पाहिजेत. पहिला मुद्दा पिकअपचा. पुंगळीमुळे इंजिनाचा श्वास कोंडतो, ती काढली की गाडी मोकळी होते, असं गॅरेजात सांगतात. यात थोडं तथ्य आहे: वायूला वाट मोकळी मिळाली तर इंजिनाला मदत होऊ शकते, पण तेव्हा पेट्रोल-हवेचं प्रमाणही नव्याने जुळवावं लागतं. रेसच्या गाड्यांत ते काम माणसं रात्र-रात्र बसून करतात. नुसती पुंगळी उपटली तर जुन्या कार्ब्युरेटरमध्ये मिश्रण पातळ पडून इंजिन जास्त तापण्याची शक्यता असते. दोन स्ट्रोकच्या गाडीत तर सायलेन्सरचा आकार हा इंजिनाचाच भाग. त्यातून परत येणारी दाबाची लाट बाहेर निसटणारं ताजं मिश्रण पुन्हा आत ढकलते. आरएक्स हंड्रेडच्या ज्या ९८ सीसीतून ११ हॉर्सपॉवर निघत होती, त्यात त्या नळीच्या आकाराचा वाटा होता, आणि तिच्यात करवत घालणाऱ्यांनी सगळ्यात आधी तोच कापला. त्या काळचे मेकॅनिक पुंगळी बाहेर काढत, नाही असं नाही. ती काढून तिच्यावरचा कार्बन जाळायचा, घासायचा, आणि पुंगळी परत जागेवर बसवायची, असा तो विधी होता. उत्तरार्ध पुढच्या पिढीने गाळला. मग पुंगळी काढल्यावर गाडी जोरात पळते असं वाटतं ते का? आवाज वाढला की वेग वाढल्याचा भास होतो म्हणून. बुलेट क्लासिकची ताकद वीस हॉर्सपॉवर आणि वजन दोनशे किलोच्या घरात. भोंगा लावून त्यात एकविसावा घोडा जोडला जात नाही, असलेले वीस फक्त बुजतात.

दुसरा मुद्दा जिवाचा आहे, म्हणून तो थट्टेवारी नेता येत नाही. आवाज मोठा असला की ट्रकवाल्याला आपण आल्याचं कळतं, असं म्हणतात, आणि आपल्या रस्त्यांवर दुचाकीवाल्याची भीती खरीच आहे. पण त्यासाठी धोका कुठून येतो ते पाहिलं पाहिजे. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे ९०० मोटारसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला आणि १९८१ मध्ये अहवाल दिला. तीन चतुर्थांशांहून जास्त अपघातांत धोका समोरूनच, सरळ रेषेच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांच्या आत होता. सायलेन्सरचं तोंड बरोबर उलट दिशेला असतं. म्हणजे जो वळणारा टेम्पो आपल्याला उडवणार त्याला सर्वांत कमी ऐकू जातं, आणि ज्याला आपण आधीच मागे टाकलं त्या स्कूटरवरच्या आजोबांना आपण येऊन गेल्याची सविस्तर खबर मिळते. आवाजाने जीव वाचवायचाच असेल तर हॉर्न आहे, तो पुढे तोंड करून बसवलेला आहे, आणि आपल्याकडे तो वापरायला कुणी संकोच करतं असा अनुभव नाही. हेल्मेटबद्दल मात्र हीच मंडळी एकदम वैयक्तिक स्वातंत्र्याकडे वळतात.

तिसरा मुद्दा डीजेचा. मिरवणुकीत भिंतीएवढे स्पीकर चालतात, मग आमची एक पुंगळी डोळ्यांत का खुपते? हा मुद्दा मी मानतो, निम्मा. डीजेची भिंत हा स्वतंत्र खटला आहे आणि त्यात आरोपी निर्दोष सुटावा असं मला वाटत नाही. पण तिलाही कागदावर का होईना, मर्यादा आहे: २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, आणि राज्य सरकारला वर्षातून फार तर १५ दिवस मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. फायरिंगला तिथी लागत नाही, परवाना लागत नाही, गणपतीही लागत नाही. याच नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची पातळी लिहिली आहे. ती वाचून शहरातला माणूस हसतो, ही गोष्ट वेगळी. मोटार वाहन नियमांत प्रत्येक गाडीला आवाज कमी करणारा सायलेन्सर हवा असं स्पष्ट आहे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर आवाजाची मर्यादा मोडल्याबद्दल दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. कायदा कमी नाही, कान कमी आहेत. पीयूसी केंद्रात धूर तपासतात, आवाज तपासत नाहीत. त्यामुळे ज्या गाडीच्या आवाजात पीयूसीवाल्याला आपला दर ओरडून सांगावा लागतो, तिला तो प्रदूषणमुक्त असल्याचा दाखला देतो. मग मधूनच एखाद्या शहरात पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर ओळीने मांडतात, त्यावरून रोडरोलर फिरवतात आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. दृश्य समाधानकारक असतं, पण चिरडलेल्या प्रत्येक नळीमागे एका ग्राहकाची नवी मागणी तयार होते, आणि ‘फक्त रेसिंगसाठी’ अशी चिठ्ठी चिकटवून ती विकणारं दुकान दुसऱ्या दिवशी नेहमीच्या वेळेला उघडतं. ज्या शहरात रेसचा ट्रॅक नाही तिथे हा माल कुठल्या शर्यतीसाठी खपतो, एवढा एक प्रश्न रोडरोलर काढण्याआधी दुकानदाराला विचारावा.

परदेशात मोठ्या गाड्या गरजतात, तिथे कुणी काही म्हणत नाही, हाही एक समज आहे. पॅरिस भागात आवाज मोजणाऱ्या ब्रुइपारिफ या संस्थेचा अंदाज असा की रात्री पुंगळी काढलेली एक स्कूटर शहर पार करताना दहा हजार माणसांची झोप मोडू शकते. म्हणून तिथे वेगाच्या कॅमेऱ्यांसारखे आवाजाचे रडार बसवून पाहिले जात आहेत. ऑस्ट्रियात टायरोलच्या काही डोंगरी रस्त्यांवर २०२० पासून उन्हाळ्याच्या मोसमात, उभ्या स्थितीत ९५ डेसिबलहून जास्त आवाज नोंदलेल्या मोटारसायकलींना बंदी आहे. आणि ज्या हार्लेचं नाव घेऊन इकडे पुंगळ्या उपटल्या जातात, तिने १९९४ मध्ये आपल्या इंजिनाच्या आवाजाचा ट्रेडमार्क मागितला होता. ४५ अंशांत मांडलेली दोन सिलिंडर आणि दोघांना मिळून एकच क्रँकपिन, त्यातून येणारी ती लंगडती लय आपली एकटीची आहे, असा तिचा दावा होता. प्रतिस्पर्धी कंपन्या आडव्या आल्या आणि २००० मध्ये तिने अर्ज मागे घेतला. अर्ज फळला नाही, तरी त्यातली मागणी लक्षात घेण्यासारखी आहे. हार्लेने हक्क मागितला तो लयीवर. आवाज किती मोठा, यावर हक्क सांगावासा तिलाही वाटला नाही.

इथून पुढे हा सगळा वाद इलेक्ट्रिक गाड्या मिटवतील असं काही जण म्हणतात. खुद्द रॉयल एनफिल्डने नोव्हेंबर २०२४ मध्ये मिलानला फ्लाइंग फ्ली नावाची विजेवरची मोटारसायकल दाखवली. मला एवढा भरवसा वाटत नाही. विजेच्या गाडीला इंदोरी फायरिंगचा स्पीकर बसवून देणारं दुकान निघायला फार वाट पाहावी लागणार नाही, आणि त्या स्पीकरच्या जाळीमागचा कापूस पहिल्याच दिवशी काढून टाकला जाईल. तोपर्यंत रस्त्यावरच्या लाखो बुलेटींचं काय, हा प्रश्न उरतो, आणि त्यावर उपाय स्वस्त आहे. काढलेली पुंगळी बहुतेकांनी फेकलेली नसते. चौकात पोलीस दिसले तर घाईने बसवता यावी म्हणून ती साइड बॉक्समध्ये फडक्यात गुंडाळून ठेवलेली असते. ती काढावी, तारेच्या ब्रशने कार्बन घासावा. जुनी काचलोकर उडून गेली असेल तर नवीन गुंडाळावी, हातमोजे घालून, नाहीतर दोन दिवस अंग खाजतं. भोकं लहान आणि नळी लांब असलेली पुंगळी मिळाली तर आणखी बरं, आवाज आणखी उतरेल आणि डुगडुग आणखी उघडी पडेल. सायलेन्सर गार झाल्यावरच हात घालावा. बाजारच्या बहुतेक नळ्यांत पुंगळी धरणारा बोल्ट एकच असतो, आणि तो उजवीकडे फिरवला की घट्ट होतो.